मुक्कामाची लोकल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ज्यांचं बालपण खेड्यात गेलं, त्यांना 'मुक्कामाची गाडी' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. रात्री आठ-साडेआठला तालुक्याहून येणारी शेवटची एसटी. चालक-वाहक देवळाच्या ओवरीत नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकायचे, गावातलं कुणीतरी पिठलं-भाकरी आणून द्यायचं आणि पहाटे सहाला तीच गाडी तालुक्याला परत निघायची. गावोगावचे सरपंच डेपो मॅनेजरकडे अर्ज घेऊन जायचे ते 'आमच्या गावाला मुक्कामाची गाडी द्या' म्हणून. रात्रभर रिकाम्या उभ्या राहणाऱ्या गाडीचा गावाला काय उपयोग, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. उपयोग पहाटेचा असतो. ज्या गावात गाडी निजते, त्या गावाची सकाळ लवकर होते. दवाखाना गाठणारा म्हातारा, कॉलेजला जाणारी मुलगी, दूध-भाजी नेणारा शेतकरी, सगळ्यांचा दिवस त्या गाडीवर अवलंबून असतो.

आपल्या मुंबईच्या लोकलचंही अगदी तसंच आहे. आपण रोज तिच्यातून प्रवास करतो, तिला शिव्या देतो, तिच्यावाचून आपलं चालत नाही. पण शेवटची लोकल आपल्याला घरी सोडून पुढे कुठे जाते आणि पहाटेची पहिली लोकल कुठून उगवते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज आपण त्याच विषयाबद्दल बोलू.

मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून मुंबईत दिवसाला तीन हजारांहून जास्त लोकल फेऱ्या होतात. फेऱ्या तीन हजार असल्या, तरी गाड्या तेवढ्या नसतात. दोनशेहून अधिक गाड्या दिवसभर येरझाऱ्या घालून त्या फेऱ्या पूर्ण करतात. अशा एका गाडीच्या संचाला रेल्वेची माणसं 'रेक' म्हणतात. १२ डब्यांचा एक रेक साधारण अडीचशे मीटर लांब असतो. दोनशे रेक टोकाला टोक लावून उभे केले, तर ५० किलोमीटरची रांग होईल. म्हणजे सीएसएमटीपासून थेट डोंबिवलीच्या पुढे! एवढी मोठी रांग दर रात्री दीड-दोन तासांत कुठे ना कुठे निजवायची, आणि पहाटे चारच्या सुमारास त्याच क्रमानं उठवायची. हे काम शहराच्या नकळत वर्षानुवर्षं चाललेलं आहे.

इंजिन नसलेली गाडी

मुळात लोकलला इंजिन नसतं. म्हणजे वेगळं, पुढे जोडलेलं इंजिन नसतं. काही डब्यांच्या तळाशीच मोटारी बसवलेल्या असतात आणि गाडीच्या दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते. ही सोय आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की तिचं महत्त्व लक्षात येत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ती वाफेच्या इंजिनांनी ओढली. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावं आपण शाळेत पाठ केलेली असतात. त्या काळातली अडचण अशी, की गाडी शेवटच्या स्थानकात शिरली की इंजिन पुढे अडकायचं. पुढे भिंत, मागे डबे. मग दुसरं इंजिन मागच्या टोकाला आणून जोडायचं, डबे बाहेर काढायचे, तेव्हा कुठे पहिलं इंजिन मोकळं व्हायचं. त्याला कोळसा-पाणी द्यायचं, फिरत्या चकरीवर चढवून त्याचं तोंड वळवायचं. आणि रात्री त्याला शेडमध्ये नेलं तरी भट्टी पूर्ण विझवायची सोय नसे. थंड पडलेल्या बॉयलरमध्ये पुन्हा वाफ धरायला काही तास लागतात. म्हणून रात्रभर माणसं जागून विस्तव राखत बसायची. चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवणारी आपली आजी आणि ते शेडमधले कामगार, दोघांचं शास्त्र एकच!

जगात काही शहरांत उपनगरी गाड्यांना आजही इंजिन जोडतात. अमेरिकेतलं शिकागो घ्या. तिथे डिझेल इंजिन गाडीच्या शहराबाहेरच्या टोकाला कायम जोडलेलं असतं. सकाळी ते डब्यांना मागून ढकलत शहरात आणतं, संध्याकाळी पुढे होऊन ओढत नेतं. शहराकडच्या टोकाला नुसती चालकाची केबिन. त्यामुळे इंजिन काढा-जोडा करण्याची कटकट नाही. रात्री या गाड्या मार्गाच्या लांबच्या टोकाला, बाहेरच्या यार्डांमध्ये उभ्या असतात. म्हणजे तिथेही मुक्कामाची गाडीच! फक्त तिथल्या गोठवणाऱ्या थंडीत इंजिन गार पडू नये म्हणून त्याला बाहेरून विजेची जोडणी द्यावी लागते, नाहीतर रात्रभर धडधडत ठेवावं लागतं.

कुर्ल्याचा मान

मुंबईची या सगळ्यातून सुटका झाली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गानं विजेवर चालणारी देशातली पहिली गाडी निघाली. चार डब्यांची ती गाडी पोहोचली कुर्ल्याला. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. या घटनेला २०२५ मध्ये १०० वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्तानं कौतुक झालं ते बहुतेक बोरीबंदरचं. कुर्ला मागेच राहिलं. पण विजेची गाडी आली म्हणजे तिला ठेवायला, तपासायला, दुरुस्त करायला जागा हवी. ती जागा कुर्ल्यानं दिली. मुंबईतली सर्वांत जुनी लोकल कारशेड ती ही.

जागेचं मर्म आजही नकाशा पाहिला की कळतं. कुर्ल्याला मुख्य मार्ग आणि हार्बर मार्ग एकत्र येतात. तिथे ठेवलेली गाडी दोन्हीकडे पाठवता येते. सीएसएमटीपासून अंतर जेमतेम १५-१६ किलोमीटर, म्हणजे रिकामी गाडी फार लांब पळवावी लागत नाही. आणि त्या काळी हा भाग शहराच्या वेशीवरचा असल्यामुळे रुळांना हातपाय पसरायला मोकळी जमीन होती. आज कुर्ल्याहून विद्याविहारकडे जाताना रुळांच्या लगत ओळीनं उभ्या असलेल्या लोकल दिसतात. त्यांच्या चहूबाजूंनी आता शहर दाटलं आहे, पण गाड्या जुन्याच अंगणात उभ्या आहेत.

पुढे गाड्या वाढल्या, चाराचे नऊ, नवाचे बारा डबे झाले. मध्य रेल्वेला कळव्याला कारशेड करावी लागली. हार्बरची लोकल १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीला गेली, त्या बाजूला सानपाड्याची कारशेड झाली. पश्चिम रेल्वेच्या लोकलचं माहेर मुंबई सेंट्रल, कांदिवली आणि विरार इथे. मोठ्या दुरुस्तीसाठी मध्य रेल्वेचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात जातात. बाहेरगावच्या गाड्यांचा संसार निराळा, तो वाडीबंदरच्या आणि लोकमान्य टिळक टर्मिनसच्या यार्डात.

कुर्ल्याच्या नशिबी आणखी एक मान आला. मुंबईची लोकल १९२५ पासून १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालत होती. ती टप्प्याटप्प्यानं २५ हजार व्होल्टच्या एसी विजेवर आणण्यात आली. सर्वांत शेवटी राहिला तो हार्बर मार्ग. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री डीसीवर धावणारी शेवटची लोकल निघाली ती कुर्ल्याहून सीएसएमटीला. पहिली विजेची गाडी ज्या दोन स्थानकांमध्ये धावली, त्याच दोन स्थानकांमध्ये त्या विजेचा शेवटही झाला. त्याच महिन्यात चेन्नईच्या कारखान्यातून देशातली पहिली वातानुकूलित लोकल आली, तीही उतरली कुर्ल्याच्या कारशेडमध्ये. मात्र तिची उंची जास्त आणि कुर्ला ते सीएसएमटी दरम्यानचे जुने पूल बुटके. शेवटी ती पश्चिम रेल्वेला देण्यात आली आणि २५ डिसेंबर २०१७ पासून तिकडे धावू लागली.

रात्रीचं गणित

आता प्रश्न असा, की सगळ्या गाड्या रात्री कारशेडमध्येच का नेत नाहीत? एक तर तिथे तेवढी जागा नाही. पण उद्या जागा मिळाली, तरी तसं करता येणार नाही.

कसारा सीएसएमटीपासून सुमारे १२१ किलोमीटरवर आहे. कर्जत १०० किलोमीटरवर, खोपोली त्याहूनही पुढे. पहाटेच्या अंधारात कसाऱ्याहून निघणारी लोकल रात्री कुर्ल्याला निजवली असती, तर तिला मध्यरात्रीनंतर शंभरावर किलोमीटर रिकामी पळवत न्यावी लागली असती. वीज खर्च, मोटरमनची ड्यूटी खर्च आणि वर रूळ अडवले. म्हणून संध्याकाळी घरी परतणाऱ्यांना घेऊन गेलेली गाडीच कसारा, कर्जत, कल्याणसारख्या ठिकाणी मुक्कामाला ठेवतात. पश्चिमेला विरार-बोरिवलीकडे तोच प्रकार. मोटरमन आणि गार्ड तिथल्या रनिंग रूममध्ये विसावतात. गार्डला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून गार्डच आहे.

याउलट काही गाड्यांना दक्षिण टोकाला निजावंच लागतं, कारण पहाटे सीएसएमटी आणि चर्चगेटहूनही गाड्या सुटायच्या असतात. पहाटे गाडी धरणारे हे प्रवासी कोण? रात्रपाळी करून परतणारे, बंदरावरून मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या कोळणी, आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. रविवारची ही पुरवणी आपल्या हाती सकाळी चहाबरोबर पडते, त्यात पहाटेच्या लोकलचा वाटा मोठा आहे.

मधल्या गाड्यांचं काय? मध्यरात्री सीएसएमटीहून सुटणाऱ्या शेवटच्या गाड्यांमध्ये कुर्ल्याच्या आणि ठाण्याच्या लोकल असतात. डोंबिवलीच्या माणसाला त्यांचा राग येतो. 'ही ठाण्यालाच का संपते?' असं तो फलाटावर उभा राहून विचारतो. उत्तर सोपं आहे. तिचं अंथरूण तिथे घातलेलं असतं. शेवटच्या गाडीचं स्थानक ठरवताना प्रवाशाच्या घराबरोबर गाडीच्या घराचाही विचार करावा लागतो.

शिवाय प्रत्येक रेकची तपासणी ठरावीक दिवसांनी व्हायलाच हवी. म्हणजे आज कसाऱ्याला निजलेला रेक पुढच्या काही दिवसांत फिरत-फिरत कुर्ल्याला किंवा कळव्याला निजायला पोहोचला पाहिजे. कोणता रेक कोणत्या दिवशी कोणत्या फेऱ्या करील आणि रात्री कुठे थांबेल, याची साखळी आधीच बांधलेली असते. तिला 'लिंक' म्हणतात. वेळापत्रकात एक नवी लोकल घालणं म्हणजे या साखळीतली एक कडी उकलून पुन्हा बसवणं. 'अमक्या स्थानकाहून एक जादा लोकल सोडा' ही मागणी सोपी वाटते, पण तिच्यामागे 'ती रात्री उभी कुठे करू?' हा प्रश्न दडलेला असतो.

निजवणं आणि उठवणं

गाडी निजवणं म्हणजे दिवे मालवून निघून जाणं असं नसतं. ती गडगडू नये म्हणून ब्रेक पक्के बांधावे लागतात. वरच्या विजेच्या तारेला टेकलेला पेंटोग्राफ खाली घ्यायचा असतो. डबे रिकामे झाल्याची खात्री करायची असते. मुंबईत गाढ झोपलेला एखादा प्रवासी थेट कारशेडला पोहोचल्याचं ऐकलं नाही, असा माणूस सापडणार नाही!

पेंटोग्राफ खाली आला की गाडी बॅटरीवर उरते. रात्रभरात नळ्यांमधली दाबलेली हवा हळूहळू निसटते. पहाटे अडचण अशी, की पेंटोग्राफ वर करायला हवेचा दाब लागतो, हवेचा दाब तयार करायला वीज लागते आणि वीज मिळायला पेंटोग्राफ वर जावा लागतो. हा पेच सोडवायला बॅटरीवर चालणारा एक छोटा कॉम्प्रेसर ठेवलेला असतो. तो जेमतेम पेंटोग्राफ वर ढकलण्यापुरती हवा भरतो. तार मिळाली, की मोठे कॉम्प्रेसर सुरू होतात, दिवे लागतात, पंखे फिरतात. मग मोटरमन ब्रेक तपासतो, भोंगा, पुढचा दिवा, लुकलुकणारा फ्लॅशर दिवा, पावसाळ्यात वायपर तपासतो. त्यानंतरच गाडी फलाटाला लागते.

कारशेडमध्ये आलेल्या गाडीचं रात्री बरंच काही होतं. रुळांच्या मध्ये खोल खड्डा असलेल्या लाइनवर ती उभी करतात. त्याला पिट लाइन म्हणतात. खाली उतरून बॅटरीच्या उजेडात फिटर एकेक चाक, मोटार, स्प्रिंग, ब्रेक ब्लॉक पाहतात. छतावर चढायचं असेल, तर आधी वरच्या तारेची वीज बंद करून ती जमिनीला जोडावी लागते. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लागायचीही गरज नसते, फार जवळ गेलं तरी ती माणसाला ओढते. म्हणून तिथे घाईला जागा नाही आणि झोपेला तर मुळीच नाही. डबे झाडणारे, धुणारे कामगार निराळे. आपण खिडकीखाली टाकलेली शेंगांची टरफलं रात्री कुणीतरी वाकून गोळा करत असतं.

तीन तासांची रात्र

मुंबईच्या लोकलची रात्र जेमतेम तीन तासांची. शेवटची गाडी गेल्यापासून पहिली येईपर्यंतच्या या वेळात रूळ, सिग्नल आणि विजेच्या तारा यांचीही दुरुस्ती करायची असते. रात्री रिकाम्या गाड्या जितक्या जास्त इकडून तिकडे धावतील, तितका हा वेळ कापला जातो. म्हणजे गाड्यांच्या मुक्कामाची जागा नीट ठरली नसेल, तर त्याची किंमत रूळ तपासणारा गँगमन मोजतो आणि त्याच्या मागून आपण सगळे मोजतो. तीन तास पुरत नाहीत, म्हणूनच रविवारी मेगाब्लॉक घ्यावा लागतो. रविवारी सहकुटुंब निघालेला माणूस फलाटावर खोळंबतो तेव्हा त्याला हा संबंध दिसत नाही, पण तो असतो.

इंजिनाची गोष्ट निघाली म्हणून एक उल्लेख करायला हवा. लोकलला इंजिन नसलं, तरी तिच्या शेवटच्या दोन स्थानकांत, कर्जत आणि कसाऱ्याला, इंजिनं रात्रंदिवस तयारीत उभी असतात. ती बोरघाट आणि थळघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देतात. घाटात दर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. पुण्याकडे, नाशिककडे जाणाऱ्या गाड्या रात्रभर येत असतात, त्यामुळे या 'बँकर' इंजिनांना ठरावीक झोप नाही. शेजारच्या रुळावर लोकल गाढ झोपलेली आणि पलीकडे इंजिन जागं, असं दृश्य तिथे रोजचं असतं.

पाणी आणि मुक्काम

मुंबईत गाडी निजवायची म्हणजे पावसाचाही विचार आला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत हिमवादळाचा इशारा मिळाला, की उघड्या यार्डांतल्या गाड्या भुयारातल्या जलद मार्गांवर आणून ठेवतात. बर्फापासून त्या तिथे सुरक्षित राहतात. आपल्याकडे उलटं आहे. आपला शत्रू खालून येतो. लोकलच्या मोटारी डब्याखाली, चाकांच्या जवळ असतात. रुळांवर पाणी चढलं, की ते आधी त्यांच्यात शिरतं. कुर्ला सखल, मिठी नदी हाकेच्या अंतरावर. शीव-कुर्ल्याच्या मध्ये पाणी साचलं, ही पावसाळ्यातली बातमी आपल्याला तोंडपाठ आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री माणसं घरी पोहोचली नाहीत, हे आपल्याला आठवतं. गाड्याही आपल्या घरी पोहोचल्या नाहीत. जिथे पाणी आलं तिथेच त्या रात्रभर उभ्या राहिल्या. पाऊस ओसरल्यावरही लोकल लगेच का सुरू झाल्या नाहीत, याचं एक कारण यात आहे. पाणी उपसणं, मोटारी तपासणं हे काम होतंच, पण सकाळी ज्या ठिकाणी ज्या गाडीनं असायला हवं होतं, तिथे ती नव्हतीच. रात्र विस्कटली, की दिवस आपोआप विस्कटतो.

याच्या उलट अनुभव करोनाच्या काळात आला. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी १५ जूनला पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे मुंबईच्या लोकलची एक रात्र सुमारे १२ आठवडे लांबली. उभ्या यंत्राला गंज धरतो, बॅटरी उतरते. ज्या काळात आपण घरात बसून होतो, त्या काळात या गाड्या पुन्हा उठण्याजोग्या राहाव्यात म्हणून कुणीतरी कारशेडला जात होतं. त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्याचं कुणाच्या लक्षात नसेल, पण १५ जूनला गाड्या उठल्या.

कारशेडच्या दाराशी

मुक्कामाच्या गाडीची किंमत सर्वांत जास्त कुणाला कळते? तिच्या शेजारी राहणाऱ्याला. कळव्याचं उदाहरण बोलकं आहे. सकाळच्या वेळी कळवा स्थानकात लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मागून येणाऱ्या गाड्या आधीच भरलेल्या. पण कारशेडमधून काही रिकाम्या लोकल निघतात आणि ठाण्याहून सुटतात. तेव्हा आसपासचे रहिवासी वर्षानुवर्षं रूळ ओलांडून कारशेडशीच जातात आणि तिथे रिकाम्या गाडीत चढतात. कायद्यानं ते चूक, जिवाला धोका तर आहेच. पण ज्याला रोज दाराला लोंबकळून जायचं आहे, त्याला समोरून रिकामी जाणारी गाडी पाहवत नाही.

१९ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी कारशेडमधून नेहमीच्या साध्या गाडीऐवजी वातानुकूलित लोकल बाहेर पडली. दरवाजे बंद. प्रवासी रुळांवर उतरले आणि त्यांनी ती अडवली. त्या आठवड्यात बदलापूरलाही असंतोष उफाळला आणि मध्य रेल्वेनं नव्यानं सुरू केलेल्या १० वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. भाडं किती, गाडी कोणती, हे वाद आपल्या जागी आहेत. मला त्यात दिसतं ते एवढंच, की आपल्या गावात निजणाऱ्या गाडीवर आपला हक्क आहे, ही भावना खेड्यातल्या एसटीपासून कळव्याच्या लोकलपर्यंत सारखीच आहे. आणि ती नियोजन करणाऱ्यांनी ऐकायला हवी. जिथून रिकामी गाडी निघते, त्या स्थानकातल्या लोकांना रूळ न ओलांडता तिच्यात चढता यावं, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

जागा कुणी द्यायची?

'कारशेड' हा शब्द घरोघरी पोहोचला तो आरेच्या निमित्तानं. मेट्रो ३ या भुयारी मार्गाच्या गाड्या ठेवायला आरे कॉलनीत जागा ठरली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, लोक रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, जमिनीच्या मालकीवरून उच्च न्यायालयानं ते काम थांबवलं, २०२२ मध्ये ती पुन्हा आरेला आली. मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा उरलेला भाग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, यावर मी इथे निवाडा देणार नाही. एवढं मात्र म्हणेन, की स्थानकं कुठे हवीत यावर आपण पहिल्या दिवसापासून भांडतो, पण गाड्या निजणार कुठे हा प्रश्न शेवटी येतो. आणि शेवटी आला की तो झाडांच्या मुळावर येतो, नाहीतर कुणाच्या घरावर येतो.

लोकलसमोर हाच प्रश्न आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या '३' आणि '३ ए' या टप्प्यांत मिळून २३८ वातानुकूलित लोकल आणण्याची योजना झाली. मार्च २०१९ मध्ये '३ ए' टप्प्याला केंद्राची मंजुरी मिळाली. त्यात मध्य रेल्वेवर भिवपुरीला आणि पश्चिम रेल्वेवर वाणगावला नव्या गाड्यांच्या देखभालीची सोय आखलेली आहे. नावं पाहा. भिवपुरी कर्जतच्या अलीकडे, वाणगाव डहाणूच्या अलीकडे. १९२५ मध्ये शहराची वेस कुर्ल्याला होती, म्हणून कारशेड कुर्ल्याला झाली. आता वेस तिकडे सरकली आहे. पण आजच्या भिवपुरीचं उद्याचं कुर्ला व्हायला १०० वर्षं लागणार नाहीत. म्हणून त्या जागेच्या सभोवार काय वाढू द्यायचं, पाणी कुठून वाहून जाईल, कामगारांनी राहायचं कुठे, हे आजच ठरवलेलं बरं.

शहराच्या मध्यावरची जमीन गाड्यांना कशाला, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी न्यूयॉर्ककडे पाहावं. तिथे मॅनहॅटन बेटावर, जगातल्या अतिशय महाग जमिनीवर, १९८० च्या दशकात लाँग आयलंड रेल्वेचं यार्ड बांधलं गेलं. सकाळच्या गर्दीच्या गाड्या रिकाम्या परत न पाठवता दुपारभर तिथेच उभ्या करायच्या, संध्याकाळी तिथूनच सोडायच्या. पुढे त्या यार्डावर मोठं छत टाकून वर गगनचुंबी इमारती उभ्या केल्या. हडसन यार्ड्स म्हणून ती वसाहत आज प्रसिद्ध आहे. लोक वर फिरतात, खाली गाड्या विसावतात. जमीन विकून गाड्यांना हाकलून देणं हा एकच मार्ग नसतो.

श्रोतेहो, लोकलबद्दल आपण बोलतो ते वेग, गर्दी, भाडं आणि उशीर यांबद्दल. यापुढे आपल्या स्थानकाला नवी लोकल मिळाल्याची बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा, की ही गाडी रात्री कुठे असते? उत्तर नीट मिळालं, तर ती पहाटे वेळेवर येईल, एवढी खात्री बाळगायला हरकत नाही. आणि रात्री उशिरा कुर्ल्याच्या पुढे रुळांवर हलणारा बॅटरीचा उजेड दिसला, तर समजा, की उद्याच्या आपल्या ८:१२ ची तयारी चालली आहे.